लख्ख करायच्या आधी

बचत गटाची बैठक म्हटली की हिशेबाची वही, राहिलेल्या हप्त्यांवरून थोडी कुरबुर आणि शेवटी चहा. मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर तालुक्यातल्या एका गावात आमची अशीच बैठक चालली होती. वही मिटली, आधण चढलं, आणि गटातल्या एक वहिनी, एरवी सहीपुरत्याच तोंड उघडणाऱ्या, माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "ताई, जरा बघता का?"

पदराची गाठ सोडली तर आत हिरवट-काळे, मातीनं माखलेले गोल तुकडे. मोजले, अकरा होते. सोबत गंजून फुगलेला लोखंडाचा एक गोळा. शेततळं खणताना जेसीबीच्या मागं मागं दगड वेचत त्या चालल्या होत्या. फुटक्या मडक्याच्या खापरीत हे सापडलं. घरात फक्त लेकीला माहीत होतं. लेकीनं त्यातलं एक नाणं राखेनं घासूनही पाहिलं होतं. ते एकच काय ते लालसर चमकत होतं.

मग काय, सगळ्यांची झुंबड! "अगंबाई, शिवकालीन दिसतंय." "चिंच आहे का गं घरात? दोन मिनिटांत लख्ख करते." चिंचेचा गोळा आला, मिठाची बरणी आली, एकीनं तर काथ्याही शोधून आणला.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की चहा गाळणाऱ्या काकूंच्या हातातली गाळणी पडली.

ओरडायला कारण होतं. माझ्या लग्नाला आता बावीस वर्षं झाली. सासरच्या देवघरात टाकांच्या शेजारी तांब्याचं एक जुनं नाणं असे. आजेसासऱ्यांना वाड्याच्या पायातून मिळालेली शिवराई. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी जी तांब्याची नाणी पाडली, तिथून या नाण्याचं नाव आलं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढं पेशवाईतही शिवराया निघत राहिल्या आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालल्या. म्हणून तर खेड्यापाड्यांत त्या अजून सापडतात.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. नव्या सुनेचा उत्साह! घरातली झाडून सगळी तांब्या-पितळेची भांडी मी अंगणात काढली. चिंच-मीठ, मग विटेची पूड, वरून काथ्या. त्या ढिगात ती शिवराईही होती. सगळं झाल्यावर नव्या पैशासारखं झळकणारं ते नाणं मी मोठ्या कौतुकानं सासूबाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, उजेडाकडे धरलं, अंगठा फिरवला.

"अक्षरं कुठं गेली गं?"

एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आजेसासरे घरातल्या प्रत्येक पोराला त्या नाण्यावर बोट फिरवून पहिली अक्षरं ओळखायला लावत, हे मला पुढं कधीतरी नणंदेकडून कळलं. माझ्या मुलांनी ती अक्षरं पाहिलीच नाहीत. नाणं अजून देवघरात आहे. गुळगुळीत, बटणासारखं.

ही चूक डोक्यात किड्यासारखी वळवळत राहिली. मी शिकले मराठी आणि इतिहास घेऊन, रसायनशास्त्राशी दहावीलाच काडीमोड झालेला. पण जिथं कुठं वस्तुसंग्रहालय दिसेल तिथं आत जाऊन विचारायची सवय लागली. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासासाठी वाहिलेली संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंवर उपचार करणारं वेगळं केंद्र आहे, पुण्याचं डेक्कन कॉलेज तर उत्खननासाठी प्रसिद्धच. विचारून, वाचून जे हाती लागलं ते असं.

तांब्याचं नाणं शे-दोनशे वर्षं जमिनीत पडलं की ओल, हवा आणि मातीतले क्षार मिळून त्याला खातात. तांब्यावर हिरवा, तपकिरी, कधी काळपट थर चढतो. आपल्याला वाटतं ही वरून बसलेली घाण. ती घाण नसते हो! नाण्याचंच तांबं बदलून तो थर झालेला असतो. पुष्कळदा असं होतं, की आतलं तांबं खडबडीत होऊन गेलेलं असतं आणि अक्षरांचा मूळ उठाव त्या हिरव्या थरातच शिल्लक असतो. चिंचेतलं आम्ल नेमका तोच थर विरघळवतं. लिंबू, आंबट ताक, व्हिनेगर, बाजारातल्या चकाकी आणणाऱ्या पावडरी, सगळ्यांचं काम थोड्याफार फरकानं तेच. राहिलं-साहिलं काथ्या नि विटेची पूड घेऊन जाते. म्हणजे माझ्या शिवराईवरची अक्षरं मी घासून पुसली असं मला वाटत होतं. खरं तर मी ती आधी विरघळवली आणि मग घासली.

आणि मीठ! आपल्याला वाटतं मिठानं चिंच जास्त चांगली काम करते. करतेच. पण मिठातलं क्लोराइड हा तांब्या-कांस्याचा वैरी. जमिनीतून आलेल्या नाण्याच्या पोटात तो आधीच थोडाफार शिरलेला असतो, त्यात आपण मूठभर घालतो. मग काही महिन्यांनी, विशेषतः पावसाळ्यात, नाण्यावर फिकट पोपटी रंगाचे ठिपके उमटतात. बोट लावलं तर पिठासारखे भुरभुरतात. याला इंग्रजीत सरळ कांस्याचा रोगच म्हणतात. क्लोराइड, ओल आणि हवा एकत्र आली की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच चक्र. लाकडाला वाळवी लागते ना, तसंच. गडद हिरवा, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर हा नाण्याचा मित्र. पोपटी, भुकटीसारखा ठिपका दिसला की ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढायचं, कोरड्यात ठेवायचं आणि जाणकाराला गाठायचं. हे लोक ते क्षार सावकाश धुऊन काढतात, बेंझोट्रायझोल नावाचं रसायन देऊन पुढची झीज थोपवतात. ते रसायन विषारी असतं, घरी करून बघण्याचं ते काम नव्हे.

चांदीचं निराळं. ती काळी पडते हे आपल्याला पैंजण-जोडव्यांवरून माहीतच आहे. पण जुन्या नाण्यांच्या चांदीत तांब्याची भेसळ असते, आणि जमिनीत ते तांबं बाहेर येऊन चांदीचं नाणंही हिरवं दिसू लागतं. हिरवं म्हणजे तांबं, असं समजून मोडीत घालू नका. सोनं बिचारं जसंच्या तसं निघतं.

सगळ्यांत फसवं लोखंड. वहिनींजवळचा तो गोळा बघून एक काकू म्हणाल्या, "हातोडीनं दोन ठोके दिले की आतलं निघेल." आतलं निघेल, पण तुकडे होऊन! गंजानं लोखंड कित्येक पटींनी फुगतं, माती-खडे पोटात घेतं. आत खिळा आहे, भाल्याचं टोक आहे की नुसताच गंज आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. मोठ्या प्रयोगशाळांत अशा गोळ्याचा चक्क एक्स-रे काढतात, हाडाचा काढतात तसा. तेलही चोपडायचं नाही. घरातल्या वापरातल्या तलवारीला, अडकित्त्याला तेल लावतात ते ठीक, पण मातीतून आलेल्या गंजक्या लोखंडात क्षार आणि ओल अडकलेली असते. वरून तेल बसलं की ते बाहेर काढणं पुढच्या माणसाला अवघड जातं.

तुम्ही म्हणाल, मग हात लावायचा की नाही? लावायचा, पण कोरडा. घामातही मीठ असतं, म्हणून पातळ हातमोजे असतील तर उत्तम, नसतील तर नाणं कडेनं धरायचं. माती ओली असेल तर सावलीत आपोआप वाळू द्यायची, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. (चामडं, लाकूड असं काही चिकटलेलं असेल तर मात्र ते वाळवायचं नाही, ओलसरच ठेवायचं. एकदम वाळलं की ते आक्रसतं आणि फाटतं.) वाळलेली सुटी माती मऊ ब्रशनं, तान्ह्या बाळाच्या केसांना वापरतो तसल्या, अलगद झटकायची. चिकटलेली तशीच राहू द्यायची. ठेवताना प्रत्येक नाणं स्वच्छ पांढऱ्या कागदात वेगळं गुंडाळायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालायच्या. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या नकोत, त्या आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. डब्यातली हवा जितकी कोरडी तितकं बरं. जाणकार दमटपणा चाळीस टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडे आषाढात पापडसुद्धा मऊ पडतात, कोकणातल्या मैत्रिणींना तर विचारायलाच नको. आणि ती वास येणारी, मऊ प्लॅस्टिकची पाकिटं, ज्यांत हौशी लोक नाणी लावतात, ती वर्षानुवर्षं वापरू नका. त्यातलं प्लॅस्टिक झिरपून नाण्यावर हिरवी चिकट साय धरते.

देवघरातल्या मूर्ती, टाक, निरांजनं यांचं काय, हा प्रश्न त्या दिवशीही आला. माझं मत विचाराल तर, पूजेतली वस्तू ही जिती वस्तू आहे. रोजच्या हातानं तिचं नाक झिजलं, टाकावरचा खंडोबा सपाट झाला, तर ती आपल्या घराण्याच्या भक्तीची झीज आहे. जुने टाक झिजले की नवे करून घेण्याची रीतही आपल्यात आहेच. तरी रोज ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करावं आणि चिंचेचा हात सणापुरता ठेवावा, एवढं म्हणेन. जमिनीतून आलेल्या वस्तूचा न्याय मात्र वेगळा. ती अजून कुणी वाचलेली नसते.

जमिनीतल्या वस्तू शोधायला तिकडे इंग्लंडात लोक हौसेनं बाहेर पडतात. धातू सापडला की आवाज करणारं यंत्र घ्यायचं, शेतमालकाची परवानगी काढायची आणि नांगरलेल्या रानातून फिरायचं. २००९ च्या जुलैमध्ये स्टॅफर्डशायर भागात असाच एक हौशी माणूस शेतात फिरत असताना त्याला सुमारे चार किलो सोन्याचा ठेवा लागला, तेराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. तलवारींच्या मुठींवरची जडावाची नक्षी, मोडलेले-वाकवलेले शेकडो तुकडे, सगळे शेतातल्या चिकणमातीनं भरलेले. ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत ठरली आणि सापडवणारा नि शेतकरी यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली. मला खरी गंमत वाटली ती पुढच्या कामाची. सोनं मऊ, नक्षी केसाएवढी बारीक, धातूची सुई लावली तर ओरखडा उठायचा. मग तिथल्या जाणकारांनी काय वापरलं असेल? झुडपांचे काटे! काटा टोकदार, पण सोन्यापेक्षा मऊ. भिंगाखाली बघत बघत काट्यानं एकेक मातीचा कण काढला. या ठेव्याचं काम कित्येक वर्षं चाललं. हे मी गटात सांगितलं तेव्हा मघाच्याच काकू म्हणाल्या, "म्हणजे बाभळीचा काटा आपण उगीच जाळतो की!"

ती यंत्रं आता आपल्याकडेही मिळतात आणि गडकोटांवर पोरं ती घेऊन जातात, असं कानावर येतं. आपल्या घरातला मुलगा त्यात असेल तर त्याला वेळीच सांगा, संरक्षित किल्ल्यावर खणणं हा गुन्हा आहे. शिवाय खणून काढलेली वस्तू आपल्याबरोबर काहीच सांगत नाही. कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं, खापर कुठलं होतं, हे सगळं मातीतच राहतं. दायमाबादचं उदाहरण बघा. १९७४ साली प्रवरेकाठच्या या गावात छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना धातूच्या ओतीव वस्तू लागल्या. दोन बैल जोडलेला रथ नि त्यात उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं मिळून साठ किलोंच्या वर वजन. मोडीत गेल्या असत्या तर? त्या वाचल्या, आज जगभरातले अभ्यासक त्यांच्याबद्दल लिहितात. पण पद्धतशीर उत्खननात, थराथरातून त्या निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या नेमक्या काळावरून विद्वानांत वाद झालाच.

म्हणून मी त्या वहिनींना पहिल्यांदा कागद आणायला सांगितला. शेततळ्याच्या कुठल्या बाजूला, किती हात खोल, खापर कसलं होतं, तारीख कुठली. त्या सांगत गेल्या, लेकीनं लिहिलं. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले, शेजारी मापासाठी पट्टी ठेवून. खापराचे तुकडे बांधावर फेकले होते, ते लेक धावत जाऊन घेऊन आली.

मग खरा प्रश्न. सरकारला कळवायचं का? वहिनींचा चेहरा उतरला. पोलीस येतील, जमीन अडकेल, गावभर होईल. दिराला कळलं तर तो तांब्याच्या भावानं मोडीत घालील. आणखी एक भीती त्या कुजबुजत बोलल्या. गुप्तधन म्हटलं की अंगारे-धुपारेवाले दारात येतात, "अजून आहे, काढून देतो, पण अमुक लागेल" म्हणतात. अशा बाबांना आता कायद्यानं शिक्षा आहे, २०१३ पासून. त्यांना दारातूनच परत लावायचं.

सापडलेल्या ठेव्याचा कायदा जुना आहे, १८७८ चा, इंग्रजांच्या काळातला. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. कळवलं नाही तर आपला हिस्सा जातो आणि वर वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवलं तर चौकशी होते. खरा मालक पुढं आला नाही आणि आधी काही वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडवणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत नि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. अकरा तांब्याच्या नाण्यांचे काय येणार? साडीसुद्धा येणार नाही, हे मी वहिनींना स्पष्टच सांगितलं. खोटी आशा कशाला?

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. मग अर्ज त्यांच्याच नावानं करायचा ना?"

"सापडलं कुणाला?"

"मला."

"मग सापडवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव."

तुम्हाला सांगते, अकरा नाण्यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. त्या सरळ बसल्या. घरी दोन दिवस धुसफूस झाली, सासरे म्हणाले जमीन आमची, दीर म्हणाला नसती उठाठेव. नवऱ्यानं मात्र, आश्चर्यच म्हणायचं, बायकोची बाजू घेतली. तिसऱ्या दिवशी अर्ज गेला. खाली सही वहिनींची, आमच्या गटात शिकलेली, अजून थोडी तिरकी पडणारी.

पंचनाम्याला मी गेले होते. ओसरीवर टेबल मांडलं, डबा उघडला, पांढऱ्या कागदातून एकेक नाणं बाहेर आलं. आमच्याबरोबर नाण्यांचे एक अभ्यासक होते. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, बहुतेक दुदांडी शिवराया असाव्यात. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात त्या. लेकीनं राखेनं घासलेलं नाणं त्यांनी हातात घेतलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. ती पोर माझ्या मागं लपली. मी तिला म्हटलं, एकच आहे गं, मी माझं एकुलतं एक घालवलं.

पंचनामा लिहिणाऱ्या बाबूंना एका नाण्यावरचं नीट दिसेना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाण्यावर थुंकी लावायला ओठ पुढं केले, आणि एरवी सहीपुरत्याच तोंड उघडणाऱ्या आमच्या वहिनी ओसरीच्या खांबाआडून म्हणाल्या, "साहेब, घासू नका त्याला. तसंच लिहा."

बाबूंनी रुमाल खिशात घातला आणि तसंच लिहिलं.